रिकामी वाटी परत करायची नाही

पीटर्सबर्गमधली संध्याकाळ. बर्फ पडतं आहे. योना नावाचा म्हातारा गाडीवान घोडीजवळ गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे आणि दोघांच्या अंगावर पांढरा थर साचत चालला आहे. त्याच आठवड्यात त्याचा मुलगा तापाने गेला. तो आजारी कसा पडला, जाताना काय म्हणाला, इस्पितळातून त्याचे कपडे आणायला आपण कसे गेलो, हे योनाला कुणाला तरी नीट, सावकाश सांगायचं आहे. एक लष्करी अधिकारी गाडीत बसतो. योना विषय काढतो. अधिकारी एखादा प्रश्न विचारतो आणि डोळे मिटून घेतो. मग तीन दंगेखोर तरुण बसतात, त्यांना गाडी पळवायची घाई असते. रात्री अड्ड्यावर एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो, योना त्याला सांगायला लागतो, तोवर तो डोक्यावरून पांघरूण ओढून झोपी गेलेला असतो. शेवटी योना तबेल्यात जातो. तुला एक शिंगरू असतं आणि ते एकाएकी गेलं असतं तर, असं घोडीलाच विचारतो. घोडी वैरण चघळत राहते, तिचा श्वास त्याच्या हातांवर येतो, आणि तो तिला सगळं सांगून टाकतो.

चेखॉव्हची ही कथा १८८६ सालची. तेव्हा तो पंचविशी नुकती ओलांडलेला होता. मी ती कॉलेजात असताना वाचली आणि घोडीपाशी येऊन थांबले. पुढे कित्येक वर्षं मला वाटायचं, दुःख किती मोठं आहे हे दाखवण्यासाठी चेखॉव्हने शेवटी ती घोडी आणली. आज तसं वाटत नाही. योनाने आधी सरळ सांगून पाहिलं होतं. तीन वेळा. सरळ सांगितलेलं कुणी ऐकलं नाही. तो घोडीशी बोलायला लागला तेव्हा मात्र आपण, म्हणजे वाचक, कान देऊन ऐकतो. एकट्या माणसाने आपलं एकटेपण सरळ मांडलं की समोरचा अवघडतो, घड्याळाकडे बघतो, सांत्वनाची दोन वाक्यं बोलून सुटका करून घेतो. तेच एकटेपण वाकड्या वाटेने, काहीतरी तऱ्हेवाईक करत समोर आलं, की त्याला टाळता येत नाही. या संग्रहातल्या सगळ्या कथा त्या वाकड्या वाटेवरच्या आहेत.

मराठीत या मुलुखासाठी शब्दांची वाण नाही. एकटा, एकाकी, एकलकोंडा, सडाफटिंग. शिवाय एकांत, जो या सगळ्यांहून वेगळा. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात ते एकांतासाठी. खाली गावात बायको-मुलं होती, पांडुरंग होता. एकांत माणूस मागून घेतो, एकाकीपण त्याच्या वाट्याला येतं. एकलकोंडा या शब्दात तर निवाडाच आहे: हा मुळात असाच, याला माणसं नकोत. आपल्या घराघरांत असा एखादा काका, एखादी आत्या असते आणि त्यांच्याबद्दलचा हा निवाडा तपासून पाहावा असं कुणाला वाटत नाही. दुसरीकडे तऱ्हेवाईक, विक्षिप्त, चक्रम, वल्ली हे शब्द. हे दोन शब्दसमूह आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. मला म्हणायचं आहे ते असं, की पुष्कळदा ते एकाच माणसाबद्दल बोलत असतात. माया आहे, पण ती ठेवायला जागा नाही, अशी अवस्था फार काळ टिकली की माणूस चमत्कारिक वागायला लागतो. त्या वागण्यात एक मागणं असतं, आणि ते मागणं ऐकू येणं हे कथालेखकाचं काम.

या प्रकारच्या कथेचं मूळ शोधायचं तर चेखॉव्हच्याही मागे जावं लागतं. गोगोलचा ‘ओव्हरकोट’ १८४२ साली आला. त्यातला अकाकी अकाकियेविच हा नक्कलनवीस कारकून. त्याचं प्रेम अक्षरांवर. काही अक्षरं त्याची विशेष लाडकी; ती लिहायची वेळ आली की तो स्वतःशीच हसतो, डोळे मिचकावतो. पुढे नवा कोट शिवायचं ठरतं, त्यासाठी तो रात्रीचा चहा सोडतो, मेणबत्ती वाचवतो, आणि तरीही त्याचं आयुष्य भरल्यासारखं होतं, लग्न झाल्यासारखं. कोटाशी संसार! कथा पुढे भुताटकीकडे वळते, पण तिचं काळीज या भागात आहे. एका उपेक्षित माणसाला एका वस्तूची ओढ लागते आणि लेखक त्या ओढीला क्षुद्र म्हणत नाही.

आयरिश कथाकार फ्रँक ओ’कॉनर याने १९६३ साली ‘द लोनली व्हॉइस’ या पुस्तकात कथेची सगळी मीमांसा याच अकाकीपासून सुरू केली. त्याचं म्हणणं असं: कादंबरीला समाज लागतो, त्यात वावरणारा नायक लागतो. कथेला नायक नसतोच. तिच्याकडे असतात समाजाच्या पृष्ठभागाखाली बुडालेले, कडेला राहिलेले लोक. म्हणून एकटेपण हा कथेचा एक विषय नव्हे, ते तिचं वस्तीस्थान. हे म्हणणं सगळ्या कथांना लागू पडत नाही. भरल्या घराच्या उत्तम कथा आपल्याच भाषेत ढीगभर आहेत. पण या संग्रहातल्यासारख्या कथा समजून घ्यायला इतकी चांगली किल्ली दुसरी मला सापडलेली नाही.

अमेरिकेत शेरवूड अँडरसनने १९१९ साली ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ लिहिलं, एका छोट्या गावातल्या माणसांच्या एकमेकींत गुंतलेल्या कथा. त्यातला डॉक्टर रीफी मला सगळ्यांत जवळचा. मनात आलेले विचार तो कागदाच्या कपट्यांवर लिहून कोटाच्या खिशांत कोंबतो. कपटे खिशातच घासून घासून टणक गोळ्या होतात. खिसे भरले की तो त्या जमिनीवर उलट्या करतो, कधी एखाद्या दोस्ताला फेकून मारतो. मग एक तरुणी त्याच्या आयुष्यात येते. त्यांचं लग्न होतं आणि त्या हिवाळ्यात तो तिला ते सगळे कपटे वाचून दाखवतो. वसंतात ती मरते. कथा पाच-सहा पानांची असेल. कपटे वाचून दाखवण्याजोगं माणूस एक हिवाळाभर मिळालं, हे त्या आयुष्यातलं सगळं सुख, आणि अँडरसन ते एखाद्या ओळीत सांगून पुढे जातो. कार्सन मॅक्कलर्सने पुढे ‘द बॅलड ऑफ द सॅड कॅफे’त प्रेम करणारा आणि ज्याच्यावर प्रेम केलं जातं तो, या दोघांचे मुलुख किती वेगळे असतात ते दाखवलं. तिची मिस अमेलिया धिप्पाड, कोर्टकज्जे करणारी, कुणाला जवळ न करणारी बाई. तिचा जीव जडतो तो एका कुबड्या, उपऱ्या माणसावर. का, याला उत्तर नाही.

आता आपल्याकडे.

मराठी कथा जन्मली ती घरभर माणसं असलेल्या वाचकासाठी. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मधल्या स्फुट गोष्टी काय, किंवा का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढलेला पहिला दिवाळी अंक काय, ते वाचले गेले फराळाच्या ताटांशेजारी, एकमेकांच्या हातातून ओढून घेत. त्या गर्दीत एकट्या जीवाची गोष्ट सांगायला वेगळा आवाज लागत होता. तो पहिल्यांदा नीट ऐकू आला दिवाकर कृष्णांच्या कथांत. ‘समाधी आणि इतर सहा गोष्टी’ हा त्यांचा संग्रह १९२७चा. घटना कमी आणि मनाच्या आतली हालचाल जास्त, हे त्यांनी मराठीला दिलं. मधल्या काळात फडक्यांच्या तंत्राचा बोलबाला झाला, कथेला गुंतागुंत आणि उकल हवी असं ठरलं, आणि ज्याच्या आयुष्यात काही गुंतत नाही नि काही उकलत नाही अशा माणसाला कथेत शिरायला दार राहिलं नाही. ते दार नवकथेने उघडलं. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर ही नावं शाळेपासून एका दमात म्हणायची आपल्याला सवय झाली आहे, पण त्यांची एकटी माणसं सारखी नाहीत. गाडगीळांचा मुंबईचा कारकून गर्दीत घुसमटतो. माडगूळकरांची माणदेशी माणसं (१९४९) मोकळ्या माळावर एकेकटी उभी आहेत आणि तरी त्यांच्याभोवती गाव आहे.

एका योगायोगाचं मला फार वाटतं. ज्या १९६३ साली ओ’कॉनरचं पुस्तक आलं, त्याच साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, जात न सांगता राहतो, कवितेच्या ओढीने एक मित्र जोडतो. जात कळते आणि त्याला मार पडतो. ही कथा तऱ्हेवाईक नाही, ती धगधगीत आहे, आणि तिला या परंपरेत ओढून बसवण्याचा माझा हट्ट नाही. पण तिच्यावाचून ही परंपरा खोटी ठरेल. एकाकीपण म्हणजे स्वभावाचा दोष किंवा नशिबाचा खेळ, असं मानण्याची सोय तिने आपल्याला ठेवली नाही. कुणाला किती एकटं पाडायचं हे समाज ठरवतो. ओ’कॉनर ज्यांना बुडालेले लोक म्हणत होता, त्यांना आपल्याकडे कुणी बुडवलं, ते बागुलांनी लिहिलं.

आणि याच सुमारास, १९६२ साली, ‘व्यक्ती आणि वल्ली’. पु. लं.चं हे पुस्तक विनोदी म्हणून घरोघरी गेलं. व्यक्तिचित्रं कथा नव्हेत, हेही मान्य. तरी अंतू बर्वा पुन्हा वाचून पाहा. रत्नागिरीत वीज आली, पण हा म्हातारा घरात दिवा घेत नाही, कारण झगझगाटात दिसणार ते दारिद्र्यच. जगातल्या प्रत्येक माणसाला तो तिरकस बोलतो. आणि लेखक परदेशी जायला निघाला की रात्री येऊन त्याच्या हातात अंगाऱ्याची पुडी ठेवतो. ध्वनिफितीवर ऐकताना लोक पहिल्या भागात खळखळून हसतात आणि पुडीपाशी सगळी खोली गप्प होते. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. मराठी माणसाला ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ हे वाक्य तोंडातून काढता येत नाही. तो ‘जेवलास का’ म्हणतो, ‘पोचलास की फोन कर’ म्हणतो, किंवा टाकून बोलतो. वाकडी वाट आपल्या भाषेच्या अंगातच आहे. या तऱ्हेच्या कथा मराठीत उपऱ्या वाटत नाहीत त्याचं कारण मला इथे दिसतं.

जी. ए. कुलकर्णींविषयी थोडं थांबून बोलायला हवं. ‘निळासावळा’ (१९५९) ते ‘काजळमाया’ (१९७२) आणि पुढच्या संग्रहांपर्यंत त्यांच्या कथांत प्रेमाची भूक इतक्या प्रकारे येते, की ती कुठल्या एका कथेत दाखवणं अवघड. ‘कैरी’तलं पोरकं मूल आणि त्याची मावशी पुष्कळांना सिनेमामुळे माहीत आहेत. नियतीचा लेखक म्हणून त्यांची ओळख पक्की झाली आणि तिच्याखाली त्यांची ही कोवळी बाजू झाकली गेली. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, सभा-संमेलनांपासून दूर राहणारे, काळ्या चष्म्याआडचे जी. ए. म्हणजे एकांतप्रिय माणसाचा नमुना असं आपण म्हणतो. पण या माणसाने लिहिलेल्या पत्रांतून नुसती निवडक घेतली तरी त्यांचे चार खंड झाले. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रं वाचताना कळतं, की भेटणं टाळणारा हा माणूस संवादासाठी किती आसुसलेला होता. पुस्तकांवर, चित्रांवर, आठवणींवर पानंच्या पानं. सुनीताबाईंची उत्तरं पुढे ‘प्रिय जी. ए.’ म्हणून आली, ती शेजारी ठेवून वाचावीत. दोन माणसं, मध्ये पोस्ट, आणि कथेत मावणार नाही इतकी माया. जी. एं.च्या कथांमधली तहान कुठून येत होती, हे मला त्या पत्रांनी शिकवलं.

खऱ्या अर्थाने विचित्राच्या वाटेने गेले ते दोघे, कमल देसाई आणि विलास सारंग. ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या कमलताईंच्या दोन दीर्घकथांतल्या बायका समाजाने आखलेल्या चौकटीत राहायचं नाकारतात, आणि त्यांचं ते नाकारणं स्वप्नासारखं, कधी दुःस्वप्नासारखं पानावर येतं. डोक्यावर हॅट चढवण्याची कृती एवढीच, पण तिच्यात एका बाईचं सगळं मागणं भरलेलं. सारंगांनी आपल्या १९७५च्या संग्रहाला नावच दिलं ‘सोलेदाद’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ एकटेपण. त्या काळात ते इराकमध्ये बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवत होते. परक्या वाळवंटातलं एकटेपण त्यांनी अंगावर घेतलेलं होतं. त्यांच्या एका कथेतला माणूस अशा बेटावर अडकतो जिथे बायकांना शरीराचा अर्धाच भाग आहे, कुणाला वरचा, कुणाला खालचा. ही कल्पना आधी अंगावर येते. मग हळूहळू लक्षात येतं, की माणसाला माणूस पुरं मिळत नाही, हीच गोष्ट लेखक अगदी शब्दशः सांगतो आहे. मराठी समीक्षेने या दोघांना प्रयोगशील असा शिक्का मारून फडताळात ठेवलं. त्यांच्या कथांमधली ओढ तिथेच धूळ खात राहिली, याची मला खंत आहे.

त्यानंतरच्या काळाचा धावता उल्लेखच करते. श्याम मनोहरांची साध्या वाक्यांत बोलणारी, घरातच हरवलेली माणसं. मेघना पेठेंच्या ‘हंस अकेला’मधल्या शहरातल्या बायका, ज्यांना स्वतःच्या भुकेची लाज नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन, आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा, ज्याला सगळं जग ‘मॅड’ वाटतं. ‘वनवास’ (१९९४) बालपणाच्या गोड आठवणींचं पुस्तक म्हणून भेट दिलं जातं. शीर्षकाकडे नीट पाहिलं, तर ते एका मुलाच्या विरहाचं पुस्तक आहे, आणि त्याची ती खास भाषा म्हणजे त्या विरहावर त्याने शोधलेला इलाज.

जगात या कथेला १९९०नंतर नवा बहर आला. जपानमध्ये हारुकी मुराकामी, इस्राएलमध्ये एट्गार केरेट, अमेरिकेत एमी बेंडर आणि मिरांडा जुलै. कोबेच्या १९९५च्या भूकंपानंतर मुराकामीने लिहिलेल्या कथांपैकी एकीत कर्जवसुली करणारा एक एकटा बँक कर्मचारी घरी येतो, तर आत माणसाहून मोठा बेडूक उभा. बेडकाला टोकियो वाचवायचं आहे आणि त्यासाठी त्याला याच माणसाची मदत हवी आहे. भावंडांना वाढवून मोठं केलेल्या, कुणीच आभार न मानलेल्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगतं, की मला तुझी किंमत माहीत आहे. ते बेडकाने सांगावं लागतं. बेंडरच्या एका कथेत प्रियकर उत्क्रांतीच्या पायऱ्या उलट्या उतरत जातो, माकड होतो, कासव होतो, आणि प्रेयसी त्याला अखेर समुद्रात सोडून येते. हातातून सुटत चाललेल्या माणसाची याहून नेमकी कथा मला सुचवता येणार नाही.

मिरांडा जुलैचा ‘नो वन बिलाँग्ज हिअर मोअर दॅन यू’ हा संग्रह २००७ सालचा. त्या वर्षी त्याला फ्रँक ओ’कॉनरच्याच नावाचा आंतरराष्ट्रीय कथापुरस्कार मिळाला. त्यात एक तरुणी अशा गावात राहते जिथे तळं नाही, नदी नाही, पोहण्याचा तलाव नाही. तिथल्या तीन ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्यांना ती पोहायला शिकवते, आपल्या स्वयंपाकघरात. जमिनीवर कोमट पाण्याचे वाडगे ठेवलेले, त्यात तोंडं बुडवून म्हातारे श्वास सोडायला शिकतात आणि फरशीवर हात मारत खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जातात. आठवड्यातून दोन दिवस तिला कुणीतरी ‘कोच’ म्हणतं. मी ही कथा एका वाचनगटात मोठ्याने वाचली तेव्हा सुरुवातीला हशा झाला. मग एक निवृत्त बाई म्हणाल्या, ‘माझ्याकडे पण वाडगे आहेत हो.’ त्यानंतर कुणी हसलं नाही.

या प्रकाराचे दोषही वाचकाने माहीत करून घ्यावेत. विचित्रपणा लवकर दागिना होतो. हल्ली पुष्कळ कथांत नायिका मोजे वेगवेगळ्या रंगांचे घालते, गोगलगायी पाळते, आणि एवढ्यावर ती आपल्याला आवडावी अशी लेखकाची अपेक्षा असते. मी एक साधी कसोटी लावते: ती तऱ्हा काढून टाकली तर कथा उरते का? उरत असेल, तर तऱ्हा वरून चिकटवलेली. अकाकीची अक्षरं, रीफीच्या गोळ्या, स्वयंपाकघरातले वाडगे काढले तर मागे काहीच राहत नाही. दुसरा दोष जास्त गंभीर. पुरुष लेखकांच्या कथांत, आणि यात मुराकामीही आला, बाई अनेकदा नायकाच्या एकाकीपणावरचं औषध म्हणून येते आणि काम झालं की नाहीशी होते. तिचं एकटेपण कुणी विचारत नाही. कमल देसाई, मेघना पेठे, बेंडर, जुलै यांना एकत्र वाचलं की हा हिशेब थोडा पुरा होतो.

आणि हे सगळं आत्ताच का? ब्रिटनने २०१८ साली एकाकीपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहांपैकी एका माणसाला एकाकीपणा ग्रासतो. आकडे महत्त्वाचे आहेत, धोरणं व्हायलाच हवीत. पण आपल्या भोवती जे चाललं आहे त्याला आकड्यात पकडता येत नाही. चाळ पाडून टॉवर झाला, खोली मोठी झाली, गॅलरी आणि तिच्यावरचं येणं-जाणं संपलं. पुण्यात मोठ्या फ्लॅटमध्ये दोन म्हातारी माणसं असतात, मग एक उरतं. मुलं न्यू जर्सीत किंवा सिडनीत, फोन रविवारी. हिंजवडीतल्या पीजीमध्ये लातूरहून आलेली मुलगी तीन रूममेटसह राहते आणि चौघी कानात हेडफोन घालून झोपतात. पहाटे साडेपाचला फुलांचं चित्र घातलेला ‘शुभ प्रभात’ येतो, त्याला आपण वैतागतो. तो पाठवणारा ‘मी आहे, उठलो आहे’ असं कळवत असतो. एक दिवस तो आला नाही तर किती जणांच्या लक्षात येईल, याचा तोही अंदाज घेत असतो.

हा संग्रह अशा खुणा वाचायला शिकवणारा व्हावा, अशी इच्छा आहे. यात बरेच लेखक नवे आहेत. कथांचा क्रम विषयाप्रमाणे किंवा वयाप्रमाणे लावलेला नाही. प्रत्येक कथेनंतर थोडी उसंत घ्यावीशी वाटेल, असा प्रयत्न आहे. एका बैठकीत सगळ्या वाचू नयेत ही विनंती. इथे बंद पडलेल्या लँडलाइनचं बिल भरत राहणारा माणूस भेटेल, लोकलच्या लेडीज डब्यात रोज शेजारची जागा धरून ठेवणारी बाई भेटेल. या लोकांना लेखकांनी बरं करायचा प्रयत्न केलेला नाही. काहींना सोबत मिळते, काहींना नाही, आणि ज्यांना मिळते त्यांची तऱ्हा जात नाही. अंधारलेल्या कथा मी जाणूनबुजून कमी ठेवल्या आहेत. त्या कमी खऱ्या असतात म्हणून नाही. ओढ जिवंत असलेला माणूस मला या पुस्तकात हवा होता.

निवड करताना माझ्या डोळ्यांसमोर सतत एक बाई होत्या, त्यांच्याविषयी सांगते. माझ्या लहानपणी आमच्या दादरच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी एकट्या राहत. रोज रात्री साडेआठच्या सुमारास त्या दोन जिने चढून आमच्याकडे विरजण मागायला येत. हातात आमचीच कालची स्टीलची वाटी. आपल्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत, म्हणून तिच्यात काहीतरी असे: चार शेंगदाणे, सुपारीचं खांड, कधी तुळशीची दोन पानं, एकदा रिठ्याची बी. आई चमचाभर दही घाली, आजी दारातच उभ्या राहून दहा मिनिटं बोलत आणि जात. ‘यांचं विरजण रोज कसं संपतं? थोडं ठेवत का नाहीत?’ असं मी विचारलं की आई म्हणे, ‘तू अभ्यास कर.’ एकदा दूधवाला पैसे घ्यायला आला असताना सहज बोलून गेला, की खालच्या आजी दूध घेतच नाहीत, चहासुद्धा कोरा पितात. मी आईकडे पाहिलं. तिला ते कितीतरी वर्षांपासून माहीत होतं.

आजी गेल्या तेव्हा मी नववीत होते. त्यांचा भाचा गावाहून खोली रिकामी करायला आला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दोन जिने चढून आला आणि वाटी पुढे केली. घासलेली, पुसलेली, रिकामी. ‘ही तुमची असावी, तळाला नाव आहे,’ म्हणाला. आईने ती घेतली आणि म्हणाली, ‘थांब जरा.’ आत गेली, वाटीत चमचाभर दही घातलं, आणि बाहेर येऊन ती पुन्हा त्याच्या हातात दिली.

‘मला कशाला, मावशी? मी उद्या निघणार.’

‘असू दे,’ आई म्हणाली. ‘वाटी सकाळी आणून दे.’